दोंरेमीची झानेत

1456 सालचा जानेवारी संपत आला होता. फ्रान्सच्या पूर्व सरहद्दीवर, म्यूज नदीकाठच्या दोंरेमी या खेड्यात चर्चचे न्यायाधिकारी आणि त्यांचा लेखनिक दाखल झाले आणि एकेकाला बोलावून जबान्या घेऊ लागले. नांगर धरणारे शेतकरी आले, त्यांच्या बायका आल्या, चर्चची घंटा वाजवणारा आला, शेजारच्या ग्र्यू गावचा सत्तरीला टेकलेला म्हाताराही आला. चौकशी झाक दार्क या गावातल्याच शेतकऱ्याच्या मुलीची होती. गाव सोडून तिला सत्तावीस वर्षं झाली होती. 30 मे 1431 रोजी रुआँ शहरातल्या जुन्या बाजारात तिला पाखंडी ठरवून जिवंत जाळलं, त्यालाही पंचवीस वर्षं होत आली होती.

जग तिला जोन ऑफ आर्क म्हणतं. गावात ती झानेत होती. ‘आमच्याकडे मला झानेत म्हणत, फ्रान्सात आल्यापासून झान म्हणू लागले,’ असं तिनंच रुआँच्या न्यायाधीशांना सांगितलं होतं. आपलं खेडं हे जणू फ्रान्सच्या बाहेरचंच, असा हा बोलण्याचा ढंग सरहद्दीवरच्या माणसाचा आहे.

‘आठवणीतलं पोरवय’ हा विषय घेऊन लिहायला बसलेल्याला जोनचं नाव चटकन सुचणार नाही. तिची आठवण निघते ती चिलखत, घोडा आणि चितेसकट. पण त्या हिवाळ्यात दोंरेमी, व्होकुलर आणि तूल इथं मिळून चौतीस जणांनी ज्या जबान्या दिल्या, त्यांत चिलखत जवळपास नाहीच. त्यांत सूतकताई आहे, गुरं आहेत, आजारी पोराची शुश्रूषा आहे, लग्नाची बोलणी आहेत. पंधराव्या शतकातल्या एका शेतकरी घरातल्या मुलीचं रोजचं जगणं इतक्या तोंडांनी सांगितलेलं क्वचितच सापडतं. एरवी अशा मुलीची नोंद झाली तर बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मरणाला. आणि तेव्हाच्या खेड्यात तीही भरवशाची नव्हती.

घर आणि शिवार

दोंरेमी आज शंभर-दीडशे वस्तीचं गाव आहे आणि नावाच्या पुढे त्यानं ‘ला प्युसेल’, म्हणजे ‘ती कुमारिका’, असं जोडून घेतलं आहे. झाक दार्कचं म्हणून दाखवतात ते घर चर्चला अगदी लागून आहे. दगडी बांधणी, एका बाजूला उतरत गेलेलं छप्पर, खाली चार खोल्या. दारावर कोरलेली राजचिन्हं नंतरची, 1481 सालची. झानेतच्या लहानपणी तिथं असलं काही असण्याचं कारण नव्हतं. चर्चमध्ये तिच्या बाप्तिस्म्याचं म्हणून दगडी पात्र दाखवतात. घराच्या दारातून बुआ-शेन्यूचं रान दिसायचं, हे तिनं स्वतः कोर्टात सांगितलेलं. त्या टेकाडावर आता मोठं बॅसिलिका उभं आहे.

बाप खाऊनपिऊन सुखी शेतकरी होता. गावाच्या कारभारात त्याचं नाव सतत येतं: कधी राखणीच्या पैशाची वसुली, कधी गावाच्या वतीनं करारावर साक्ष. आई इसाबेल रोमे. तीन भाऊ, एक बहीण. आईनं मुलीला तीन प्रार्थना शिकवल्या आणि कातायला-शिवायला शिकवलं. अक्षरओळख नव्हती, पुढे पत्रांवर ‘झान’ अशी सही दिसते, ती गाव सोडल्यानंतर गिरवलेली असणार.

तिच्या कामाविषयी गावकरी जे सांगतात त्यात एकवाक्यता आहे. लोकर आणि वाख कातायची, घरातलं सगळं करायची, वेळ पडली तर बापाबरोबर औतावर जायची, शेतात खुरपायची, आणि घरची पाळी आली की गावाची गुरं राखायची. ही पाळीची पद्धत आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. गावाचा एकच कळप, आणि तो आज या घरानं तर उद्या त्या घरानं सांभाळायचा.

शेजारची मांजेत तिच्याबरोबर सूत कातत बसायची. दोघींच्या घरांना भिंतीला भिंत लागलेली. आव्हिएत नावाची मैत्रीण कधी कधी तिच्या घरी, तिच्याच अंथरुणात झोपायची. सिमोनँ म्युनिए लहानपणी आजारी पडला होता तेव्हा झानेत त्याच्या उशाशी बसत असे. चाळिशी उलटलेल्या त्या शेतकऱ्यानं न्यायाधिकाऱ्यांपुढे हेच सांगितलं. पेरँ द्रापिए घंटा वाजवायचं काम करी आणि संध्याकाळची घंटा बऱ्याचदा विसरे. झानेत त्याला रागवायची आणि वेळेवर वाजवलीस तर लोकर देईन म्हणायची. स्वतःचा कामचुकारपणा कोर्टाच्या कागदावर चढतोय याची त्याला फिकीर दिसत नाही.

वयांचा मात्र सगळा घोळ आहे. आव्हिएत आपलं वय सुमारे पंचेचाळीस सांगते आणि झानेत माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी होती असं ऐकलंय म्हणते. रुआँला झानेतनं स्वतःचं वय ‘सुमारे एकोणीस’ सांगितलं होतं. दोन्ही हिशेब काही केल्या जुळत नाहीत. अभ्यासक 1412च्या आसपासचं जन्मवर्ष धरतात, ते तिच्या स्वतःच्या शब्दावर.

मेंढपाळ पोर कुणी केली?

जोनचं चित्र काढायचं म्हटलं की हातात काठी आणि भोवती मेंढरं येतात. ही प्रतिमा तिच्या हयातीतच तयार झाली. 1429च्या जुलैअखेर क्रिस्तीन द पिझाँ या वयोवृद्ध कवयित्रीनं तिच्यावर काव्य लिहिलं, त्यातही ती साधी मेंढपाळ मुलगीच आहे. दाविदापासून चालत आलेली ही कथा युरोपला तोंडपाठ होती: मेंढरांमागून देव एकाला उचलतो आणि राजाच्या कामी लावतो. दरबाराला ती सोयीची होती.

खुद्द झानेतला मात्र ती पसंत नसावी. रुआँच्या खटल्यात, फेब्रुवारी 1431च्या एका बैठकीत तिनं ठणकावून सांगितलं की बापाच्या घरी मी घरकाम करायचे, मेंढरं-गुरं घेऊन रानात जात नव्हते. कातण्या-शिवण्यात रुआँमधल्या कोणत्याही बाईला मी हार जाणार नाही, असंही वर ऐकवलं. दोनच दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती थोडी सरकली: मोठी झाल्यावर रोज राखायला जात नसे, पण कुरणापर्यंत हाकलायला हात लावायचे, आणि शिपायांची हूल उठली की नदीतल्या गढीकडे गुरं न्यायला जायचे. लहानपणी राखली की नाही ते आठवत नाही.

मग गावकरी खोटं बोलत होते का? तसं वाटत नाही. शेतकऱ्याची मुलगी आणि गुराखी यांच्यातला फरक खेड्यात नेमका कळतो. पाळीनं आठवड्यातून एखादा दिवस कळप राखणं वेगळं आणि दुसऱ्याच्या मेंढरांवर पोट भरणं वेगळं. साखळदंड घातलेली ती पोर त्या विद्वानांपुढे आपल्या बापाच्या घराची पत राखत होती. साठ-साठ विद्वान समोर बसलेले असताना आपल्या सुताची फुशारकी मारावीशी वाटणं हे त्या वयाला धरूनच आहे.

गुरं हाका, पळा

दोंरेमीच्या पोरांचं बालपण लढाईत गेलं, पण ही लढाई रणांगणावरची नव्हती. इंग्लंडचा राजा आणि त्याचा दोस्त बर्गंडीचा ड्यूक एकीकडे, बेदखल झालेला राजपुत्र शार्ल दुसरीकडे. गाव शार्लच्या बाजूचं. नदीपलीकडचं माक्से बर्गंडीच्या बाजूचं. दोन्ही गावांची पोरं दगडधोंड्यांनी भांडत. आपल्या गावची पोरं रक्तबंबाळ होऊन परत आलेली झानेतनं पाहिली होती.

खरी धास्ती होती ती दोन्हीकडच्या भाडोत्री टोळ्यांची. त्यांना गाव जिंकायचं नसे, गुरं हवी असत. गुरं गेली की नांगर थांबला, दूध गेलं, पुढच्या वर्षाचं पीक गेलं. म्हणून झाक दार्क आणि आणखी एका शेतकऱ्यानं पुढाकार घेऊन म्यूज नदीतल्या बेटावरची पडीक गढी भाड्यानं घेतली. हूल उठली की माणसं आणि जनावरं बेटावर. 1423 साली गावानं कोमेर्सीच्या सरदाराला राखणीचे पैसे द्यायचं कबूल केलं, घरटी वर्गणी. खंडणीच ती. त्या करारात झाक दार्कचं नाव आहे. तरीही 1425च्या सुमारास एका टोळीनं कळप पळवलाच. गावची जहागीरदारीण आणि तिच्या नात्यातल्या सरदारानं पाठलाग करून गुरं सोडवून आणली, ते गावाचं नशीब.

1428च्या जुलैत बर्गंडीची फौज व्होकुलरच्या रोखानं निघाली तेव्हा बेटाचाही भरवसा उरला नाही. सगळं गाव गुराढोरांसकट दहाएक किलोमीटरवरच्या नफशातो या तटबंदीच्या गावात गेलं. दार्क कुटुंब ‘ला रूस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खाणावळवालीकडे उतरलं आणि झानेतनं तिला घरकामात मदत केली. रुआँच्या आरोपपत्रात याचं काय झालं पाहा: ही मुलगी आईबापांना न विचारता पळून गेली, खाणावळीत चाकरी केली, तिथं सैल चालीच्या बायका आणि शिपाई असत, आणि तिथंच ही घोड्यावर बसायला शिकली! 1456च्या साक्षीदारांनी या मुद्द्यावर निक्षून सांगितलं की आम्ही सगळेच तिथं होतो आणि ती सतत आईबापांजवळ होती. गाव परतलं तेव्हा लुटून जाळलेलं होतं.

देवाकडून येतात असं ती मानत असलेले आवाज तिला पहिल्यांदा ऐकू आले ते तेराव्या वर्षी. उन्हाळ्यात, भर दुपारी, बापाच्या परसबागेत, उजव्या हाताला चर्चच्या दिशेनं. त्या आवाजांचं काय करायचं यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहून झाले आहेत. गावकऱ्यांच्या जबान्यांत त्यांचा पत्ता नाही. तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं.

झाडाखालचा रविवार

गावाबाहेर एक जुनं बीचचं झाड होतं, ‘परींचं झाड’ म्हणत. जवळच झरा, तापकऱ्यांनी त्याचं पाणी प्यावं असा समज. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात एका ठरलेल्या रविवारी गावची पोरं-पोरी घरून भाजलेल्या पावरोट्या घेऊन तिथं जायची, खायची, गाणी म्हणायची, फांद्यांना फुलांच्या माळा अडकवायची, झऱ्याचं पाणी प्यायची. कोणे एके काळी तिथं पऱ्या यायच्या, पण गावचा पाद्री दरवर्षी येऊन बायबल वाचू लागल्यापासून त्या यायच्या बंद झाल्या, असंही गावात बोलत. गावदेवाच्या जत्रेला गेलेल्याला यात वावगं काही दिसणार नाही.

रुआँच्या पंडितांना दिसलं. प्रश्न पुन्हा पुन्हा त्या झाडाशी येऊन थांबत: पऱ्या पाहिल्यास? माळा कुणाला वाहिल्यास? नाचलीस? झानेत म्हणाली, मुलांबरोबर नाचलेही असेन, पण नाचण्यापेक्षा गायले जास्त. एका धर्ममातेनं पऱ्या पाहिल्याचं सांगितलं होतं, हेही तिनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं, आणि ते तिला महागात पडलं. खेड्यातली सहल शहरात नेऊन उकलली की तिचं जादूटोण्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून 1456च्या प्रश्नपत्रिकेत झाडावर स्वतंत्र प्रश्न होता. आणि प्रत्येक जण जवळजवळ एकच उत्तर देतो: हो, जायची की, आम्ही सगळेच जायचो. ती एकटी कधी गेली नाही.

लग्न, स्वप्न आणि बारा फ्रँकचा घोडा

जेरारदँ द एपिनाल हा दोंरेमीतला बर्गंडीचा एकमेव समर्थक. देवाची इच्छा असती तर त्याचं डोकं उडालेलं मला चाललं असतं, असं झानेत रुआँला बोलून गेली होती. नाव घेतलं नव्हतं, पण रोख त्याच्यावरच असावा. इकडे त्याच्या मुलाची धर्ममाता तीच. जेरारदँनं साक्षीत सांगितलं, एकदा ती मला म्हणाली, तू बर्गंडीचा नसतास तर तुला एक गोष्ट सांगितली असती. त्याला वाटलं, कुणा पोराशी लग्न करायचं म्हणत असेल. तेव्हा तिच्या मनात राजाच्या राज्याभिषेकाचं घाटत होतं!

जेरारदँचा तर्क अगदीच हवेतला नव्हता. घरच्यांनी तिचं लग्न जुळवायचा प्रयत्न केला असावा, कारण एका तरुणानं तिच्यावर तूलच्या धर्मन्यायालयात दावा लावला होता: हिनं मला लग्नाचं वचन दिलंय आणि आता मोडतेय. सोळा-सतरा वर्षांची ती मुलगी न्यायालयात गेली, शपथेवर सांगितलं की कसलंही वचन दिलेलं नाही, आणि दावा जिंकून आली. आईबापांचं मी सगळं ऐकलं, त्या तूलच्या लग्नाच्या प्रकरणाखेरीज, असं ती नंतर म्हणाली.

बापाला बहुधा कुणकुण होती. पोरगी शिपायांबरोबर निघून जातेय असं स्वप्न त्याला पडलं होतं. असं होणार असेल तर तिला बुडवून मारा, तुम्ही नाही मारलंत तर मी मारेन, असं तो पोरांना म्हणाला. आईनं ते झानेतच्या कानावर घातलं. सैन्यामागून जाणाऱ्या बायका म्हणजे काय हे झाक दार्कला माहीत होतं. क्रूर वाटतं, पण आपल्या मुलीचं याहून वेगळं काही होऊ शकेल हे त्याच्या कल्पनेत बसणारं नव्हतं.

मग तिनं घरातून निसटायला निमित्त काढलं ते खास बायकी. द्युराँ लाक्सार नावाचा एक नातलग जवळच्या ब्युरेला राहायचा. ती त्याला काका म्हणे. त्याची बायको गरोदर होती. बाळंतपणाला मदतीला नेतो असं माझ्या वडिलांना सांग, अशी गळ तिनं त्याला घातली. ही हकीकत जेरारदँच्या बायकोनं सांगितली आहे. लाक्सार तिला व्होकुलरला किल्लेदार रोबेर द बोद्रिकूरकडे घेऊन गेला. किल्लेदार म्हणाला, हिला चार थोबाडीत ठेवून दे आणि बापाकडे सोडून ये.

ती 1429च्या सुरुवातीला पुन्हा व्होकुलरला गेली आणि या खेपेस हटली नाही. मुक्काम रथकार आँरी ल रोआइए याच्या घरी. त्याची बायको कातरीन सांगते की तीनएक आठवडे ती आमच्याकडे होती, चांगलं सूत कातायची. आम्ही दोघी मिळून कातायचो. फाटक्यातुटक्या लाल कपड्यांतली ही पोर बघायला लोक यायला लागले. लाक्सार आणि गावातल्या आणखी एकानं बारा फ्रँकला घोडा घेऊन दिला, पैसे नंतर किल्लेदारानं फेडले. लोकांनी पुरुषी कपडे शिवून दिले. फेब्रुवारीत ती सहा जणांबरोबर निघाली आणि अकरा दिवसांत शिनोंला, राजपुत्राच्या दरबारात पोचली.

निघताना तिनं मांजेतचा निरोप घेतला. आव्हिएतला सांगितलं नाही. आपण खूप रडलो, असं आव्हिएतच्या जबानीत आहे.

ठरलेले प्रश्न

या सगळ्या आठवणी जपून वाचाव्या लागतात. गावकरी गप्पा मारत नव्हते. बारा प्रश्नांची यादी होती आणि खटला कशासाठी चाललाय हे गावाला ठाऊक होतं: पहिला निकाल रद्द करायचा. झानेतनं अभिषेक करवलेला राजा पाखंडी बाईच्या हातून गादीवर बसला, हा डाग पुसणं राजालाही हवं होतं. वृद्ध इसाबेलनं 7 नोव्हेंबर 1455 रोजी पॅरिसच्या नोत्रदाममध्ये पोपच्या प्रतिनिधींपुढे लेकीसाठी दाद मागितली, त्यामागे वकिलांची फौज होती. प्रत्येक साक्षीदार झानेतला सद्गुणी, कष्टाळू, देवभोळी म्हणतो. शब्दही तेच ते. शिवाय ते बोलले आपल्या बोलीत आणि लेखनिकानं उतरवलं लॅटिनमध्ये.

पण ठरलेल्या उत्तरांना चिरा पडतात. झां वातरँ कबूल करतो की खेळता खेळता ती बाजूला जाऊन देवाशी बोलायची आणि आम्ही पोरं तिची टिंगल करायचो. आव्हिएत म्हणते, तू फारच चर्चला जातेस असं कुणी म्हटलं की ती लाजायची. असं काही पढवून येत नाही. चारचौघांपेक्षा जरा वेगळी, त्यामुळे थोडी एकटी पडलेली मुलगी या जागांतून दिसते. सद्गुणांच्या यादीतून ती दिसत नाही.

पहिल्या खटल्याच्या वेळीही गावात माणसं पाठवून चौकशी केली होती. तेव्हाचा लेखनिक निकोला बाई 1456 साली पुन्हा साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, वाईट काहीच सापडलं नव्हतं. रुआँच्या एका व्यापाऱ्यानंही सांगितलं की अशीच माहिती घेऊन आलेल्या लॉरेनच्या एका माणसाला पहिल्या खटल्याचा मुख्य न्यायाधीश बिशप कोशों यानं शिव्या घातल्या आणि मेहनताना नाकारला. माझ्या सख्ख्या बहिणीत असू नये असं काहीही मला तिच्यात आढळलं नाही, असं त्या माणसाचं म्हणणं. ती चौकशी पहिल्या खटल्याच्या दप्तरात आलीच नाही.

गावाच्या पदरात

इंग्रजांनी ऑर्लेआँला घातलेला वेढा तिच्या साथीनं 8 मे 1429 रोजी उठला. जुलैत राजा अभिषेकाला रँसकडे निघाला तेव्हा वाटेत शालोंला दोंरेमीकडची मंडळी तिला भेटायला गेली. त्यात जेरारदँही होता, बर्गंडीचा असून. भीती फक्त दग्याची वाटते, असं ती त्याला म्हणाली. ग्र्यूचा झां मोरेल, तिचा धर्मपिता, याला तिनं आपल्या अंगावरचं लाल वस्त्र दिलं. बापही रँसला आला. पोरीला बुडवीन म्हणणारा झाक दार्क खाणावळीत उतरला, त्याचा खर्च शहरानं भागवला आणि परत जायला घोडा दिला.

भावांची गोष्ट इतकी सरळ नाही. त्या डिसेंबरात घराण्याला सरदारकी मिळाली, नवं आडनाव मिळालं. 1436 साली मेत्सजवळ एक बाई उगवली आणि मीच जोन, चितेतून वाचले, म्हणू लागली. तिघांपैकी दोघा भावांनी तिला बहीण म्हणून ओळखलं. भाबडेपणानं की फायद्यासाठी, यावर अजून वाद चालतो. वीसेक वर्षांनी खऱ्या बहिणीसाठी आईबरोबर अर्जदार म्हणून उभे राहिले तेही हेच भाऊ. 7 जुलै 1456 रोजी रुआँला पहिला निकाल रद्द झाला. दोन वर्षांनी इसाबेल वारली; ऑर्लेआँ शहर तिला बरीच वर्षं निवृत्तिवेतन देत होतं.

मोंतेन्य 1580 साली दोंरेमीवरून गेला तेव्हा घराच्या दर्शनी भिंतीवर तिचे पराक्रम रंगवलेले होते आणि रंग उडत चालले होते. 1818 साली जिल्हा प्रशासनानं ते घर विकत घेतलं. जबान्या मात्र दप्तरांतच राहिल्या. ज्यूल किशरानं 1841 ते 1849 दरम्यान त्या पाच खंडांत छापल्या तेव्हा कुठे आव्हिएत, मांजेत आणि घंटावाला वाचकांपर्यंत पोचले.

तिच्या विनंतीवरून राजानं जुलै 1429 मध्ये दोंरेमी आणि ग्र्यू या दोन गावांना करमाफी दिली होती. वसुलीच्या वहीत या गावांपुढे रक्कम नसे. ‘काही नाही, ला प्युसेलमुळे’ अशी नोंद असे. पुढे सरहद्द सरकली, दोंरेमी लॉरेनच्या ड्यूककडे गेलं आणि तिच्या स्वतःच्या गावाची माफी संपली. ग्र्यूवाल्यांना ती नंतरही बराच काळ मिळत राहिली.